‘अगं, दहा मिनिटांत झालं सगळं!’

मे महिन्यातला शनिवार, संध्याकाळचे साडेसात. पुण्यात आमच्या वन बीएचकेच्या टेरेसवर ऑफिसमधली नऊ माणसं, दोन लहान मुलं आणि कुणाच्या तरी सासूबाई. (त्या कशा काय आल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्यात जास्त एन्जॉय त्यांनीच केलं.) चटईवर स्टीलच्या पेल्यांत कैरीचं पन्हं, परातीत तळलेल्या कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या, मधोमध पातेलंभर आमरस, कोपऱ्यात माठ. नो पिझ्झा, नो केटरर. दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचंच, ‘एवढं सगळं तू एकटी कसं मॅनेज करतेस?’ आणि मी उगाच केस मागे सारत म्हणायची, ‘अगं, दहा मिनिटांत झालं सगळं!’

खोटं नव्हतं हो ते. कुरडई तळायला वेळ तो कितीसा लागतो? तेल नीट तापलेलं असेल तर मोजून चार-पाच सेकंद. टाकली, फुलली, काढली. पन्ह्याचा गर फ्रिजमध्ये तयार असतो. रस तर मिक्सरमध्ये होतो. फक्त त्याआधीचे आठ-दहा दिवस मी कधी हिशेबात धरले नव्हते, कारण ते माझे नव्हतेच. ते आईचे होते. अमडापूरला.

अमडापूर म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातलं, चिखली तालुक्यातलं बल्लाळदेवीचं गाव. तिथे उन्हाळा म्हणजे वाळवणाचा सीझन! होळी झाली की घराघरांत गहू भिजायला पडतात. एप्रिल संपेपर्यंत गच्च्या, बाजा, जुनी लुगडी, सगळ्यांवर काही ना काही वाळत असतं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे असं करत बायका एकमेकींचं वाळवण उरकतात. अक्षय तृतीया झाली की आंबा खायला मोकळीक, आणि मग घरी कुणीही, कितीही वाजता टपको, रस आणि कुरडई पाच मिनिटांत पानात. आपण ज्याला ईझी एन्टरटेनिंग म्हणतो ना, ते वऱ्हाडातल्या बायका कधीपासून करतायत. त्यांच्याकडे त्याला नाव नाही, एवढंच.

त्यातला माझा वाटा पत्र्याच्या डब्यातून यायचा. चिखलीहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत डबा, ड्रायव्हरचा नंबर मला मेसेज, आणि पहाटे साडेपाचला डोळे चोळत मी खराडी बायपासला उभी. डब्यावर आईच्या अक्षरात माझं नाव.

गेल्या वर्षीचा डबा जरा हलका होता. आणि कुरडया वेगळ्या वाटल्या. तळल्यावर फुलायच्या, पण जाडसर. मी काय करावं? फोन करून तक्रार केली! ‘आई, यंदाच्या कुरडया जाड झाल्यात गं.’

‘व्हय काय? गहूच तसा होता यंदा,’ ती म्हणाली आणि विषय बदलला.

दिवाळीत दादाने सांगितलं. त्या कुरडया आईने केल्याच नव्हत्या, बचत गटाकडून किलोच्या भावाने आणल्या होत्या. फेब्रुवारीपासून तिच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. डॉक्टरांनी कणीक मळायलाही मनाई केली होती. आणि मला त्या जाड लागल्या होत्या.

तर या एप्रिलमध्ये मी चार दिवस सुट्टी टाकली, पुढेमागे वीकएन्ड जोडला आणि अमडापूर गाठलं. मॅनेजरला कारण सांगितलं ‘फॅमिली फंक्शन’. कुरडया करायला सुट्टी हवी, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

आईने माझ्या हिशेबाने गुरुवारीच दोन किलो गहू भिजत घातले होते. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्याला जो आंबूस वास येतो, तो घरभर फिरतो. लहानपणी मला तो आवडायचा, आता पुण्याच्या नाकाला जरा जडच गेला. रविवारी सकाळी गहू मिक्सरमध्ये वाटायचे, कापडातून पिळून पिळून पांढराशुभ्र चीक काढायचा, चोथा वेगळा. चीक रात्रभर न हलवता ठेवायचा म्हणजे तो तळाशी बसतो आणि वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून देता येतं. इथपर्यंत मी हुशार विद्यार्थिनी होते.

खरी परीक्षा सोमवारी पहाटे पाचला. जेवढा चीक तेवढंच पाणी, त्यात मीठ, पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने चीक ओतायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. थांबायचं नाही. मी थांबले. मोबाइल वाजला म्हणून फक्त एकदा! गाठी. अख्ख्या पातेल्यात गाठी. आई स्टुलावर बसून बघत होती, हात मांडीवर बांधून. तिला उठून पळी हातात घ्यायची होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

‘मले दे,’ ती शेवटी म्हणालीच.

‘नाही देणार.’

‘मंग नीट घोट ना, माय.’

घोटला. निम्म्या गाठी मोडल्या, उरलेल्यांचं पोरांनी भलं केलं. गरम चीक, त्यावर दूध आणि साखर, ही कुरडईच्या दिवशीची गल्लीतल्या पोरांची हक्काची न्याहारी असते. मोठी माणसं त्यावर तेल-मीठ घालून खातात. तुम्ही कधी खाल्ला नसेल तर तुमचं बालपण थोडं बाकी आहे, असं समजा.

पण मनगट कुठे जातं ते मला यानंतर कळलं. चीक शिजून काचेसारखा चकाकायला लागला की तो गरम असतानाच साच्यात भरून दाबायचा असतो. गार झाला की घट्ट होतो आणि साचा हलत नाही. म्हणजे हात भाजतोय तरी घाई करायची, आणि दोन्ही हातांचं वजन टाकून पिरगळायचं. एक कुरडई झाली की पुढची. पंचवीस झाल्यावर माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. आई दर वर्षी शेकड्याने घालायची. मग मी दादाला गच्चीवर हाक मारली. तो म्हणाला, ‘मी?’ म्हटलं, ‘जिमला जातोस ना?’ शंभर कुरडयांपैकी साठ त्याने घातल्या. वेड्यावाकड्या, पण घातल्या. आमच्या घरातल्या पुरुषाचा हात साच्याला लागल्याची ही पहिलीच नोंद असावी.

दुपारी गच्चीवर राखणीला बसले असताना मला लिज्जतची गोष्ट आठवली. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्याच कामाचे पैसे व्हायला लागले. आईला मी इतक्या वर्षांत ट्रॅव्हल्सचं पार्सल भाडंसुद्धा दिलेलं नाही.

मापाचं म्हणाल तर आईकडे माप नाही. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ (१९७०) आमच्याकडे कपाटात आहे, वाटी-चमच्याच्या मापासकट. आई ते वाचते आणि मग अदमासानेच करते. मी मात्र या वेळी फोनमध्ये सगळं टिपून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठली गच्ची आणि कुठली सुट्टी? मान्य. फ्लॅटमध्ये कुरडईच्या वाटेला जाऊही नका. साबुदाण्याच्या पळीपापड्या करा. एक वाटी साबुदाणा रात्री भिजवा, सकाळी पाच-सहा वाट्या पाणी उकळून त्यात मीठ-जिरं घालून तो पारदर्शक होईपर्यंत शिजवा, आणि बाल्कनीत स्वच्छ प्लॅस्टिकवर पळीपळीने गोल घाला. दोन कडक उन्हं लागली की झाल्या. शनिवार-रविवारचं काम, तेही जोडीने केलंत तर गप्पांत उरकतं. पन्ह्यासाठी चार कैऱ्या कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन उकडा, गर काढा, गराच्या दुप्पट गूळ (कैरी कमी आंबट असेल तर थोडा कमी), मीठ, वेलदोडा. हा गर काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतो. पाहुणा दारात, दोन चमचे पेल्यात, वर माठाचं पाणी. बाटलीतल्या सरबताची आठवणही होत नाही. रसासाठी हापूसच हवा असंही नाही, गावरान रसाळ आंबे हाताने पिळून बघा. त्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर सुंठ.

आणि कुरडया विकत आणायच्या असतील तर खुशाल आणा. फक्त बचत गटाच्या बाईशी भावात घासाघीस करू नका. मी आता करत नाही.

यंदाची पार्टी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी झाली. तीच चटई, तेच पेले. सासूबाई यंदाही आल्या. टीममधल्या एकाने परातीतून कुरडई उचलली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘ही अशी का वाकडी?’ म्हटलं, दादाने घातलीय. मग मनगटापासून मॅनेजरला मारलेल्या थापेपर्यंत सगळंच सांगत बसले. मॅनेजर तिथेच बसला होता. रस वाढता वाढता पातेल्याचा तळ दिसला तरी विषय संपेना, प्रत्येकाच्या घरून एकेक डबा येतच होता. कुणाचा कोल्हापूरहून, कुणाचा जळगावहून.

निघताना सवयीप्रमाणे दोघी-तिघींनी विचारलं, ‘थोड्या पॅक करून देशील?’ गेल्या वर्षापर्यंत मी पिशव्या भरभरून वाटायची. या वेळी डबा उघडला आणि चक्क मोजायला लागले. चार-चार दिल्या.

रात्री आईचा फोन. ‘किती उरल्या?’

‘बत्तीस.’

‘बारा वाटल्या असशीन,’ ती म्हणाली आणि हसत सुटली. मग विचारलं, ‘दादाच्या घातलेल्या दिल्या का तुह्या?’

‘दादाच्या.’