व्हॉल्व्ह उघडत नाही? पेटी खोलण्याआधी तार पाहा



गेल्या एप्रिलात अकोट भागातल्या एका सभासदाच्या वावरात आम्ही गेलो, तर ठिबकच्या स्वयंचलित कंट्रोलरची पेटी भिंतीवर नव्हतीच. "साहेब, तीन नंबरचा व्हॉल्व उघडूनच नाही राह्यला जी, मशीनच गेली," म्हणून त्यांनी ती दुरुस्तीला पाठवली होती. नऊ दिवसांनी 'दोष नाही' म्हणून पेटी परत आली. तोवर उन्हाने तिथला खोडवा पार माना टाकून बसला. पेटी ठणठणीत होती, दोष तारेत होता.

बहुतेक पेट्यांत ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे २४ व्होल्ट एसी करतो. प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॉइलला आपली स्वतंत्र तार जाते, आणि परतीची कॉमन तार सगळ्यांना मिळून एकच. म्हणून सगळेच व्हॉल्व्ह बंद असतील तर फ्यूज, ट्रान्सफॉर्मर किंवा कॉमन पाहावी. एकच बंद असेल तर त्याची तार वा कॉइल. (डीसी लॅचिंग कॉइलच्या पेटीला पुढची रीत लागू नाही.)

खरा घोटाळा तपासणीत होतो. आपल्या प्रत्येकाच्या खिशात टेस्टर असतो, पण त्यातला निऑन दिवा २४ व्होल्टवर पेटतच नाही! तेवढ्यावरून पेटी मेली म्हणू नये. मल्टिमीटर उलट बाजूने फसवते. ट्रायॅकच्या आउटपुटमधून बंद असतानाही किंचित करंट झिरपतो, त्यामुळे तार सोडून मोजले तर मीटर जवळजवळ पुरे व्होल्ट दाखवू शकते. व्होल्ट मोजायचे ते कॉइल जोडलेली ठेवूनच.

त्याआधी मेन स्विच बंद करा. तीन नंबरची तार टर्मिनलमधून सोडा, कॉमनही सोडा, आणि दोहोंमध्ये ओहम मोजा. कंपनीनुसार फरक असतो, पण साधारण २० ते ६० आले तर तार व कॉइल ठीक. शून्याजवळ आले तर शॉर्ट आहे. ती तार दुसऱ्या टर्मिनलवर लावून पाहू नका, नाहीतर तेही आउटपुट जायचे. काहीच आले नाही तर तार तुटली किंवा कॉइल जळली. व्हॉल्व्हजवळ जाऊन नुसती कॉइल मोजली की कोण ते कळते.

ओहम ठीक असतील तर कॉमन परत जोडा, दोन नंबरची तार काढून तिथे तीनची लावा आणि दोन नंबर चालू करा. व्हॉल्व्ह उघडला तर पेटीचे तीन नंबरचे आउटपुट खराब. तेव्हा पेटी खुशाल दुरुस्तीला पाठवा.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि ताणून पुरलेली तार ओढली जाते. तार पुरताना थोडी सैल ठेवा. खारपाणपट्ट्याकडे तर नुसत्या टेपने गुंडाळलेला जोड हिरवा पडून कुजतो. त्या सभासदाकडेही धुऱ्याजवळ असाच जोड सापडला. ग्रीस भरलेले कनेक्टर घ्या, टेपचा भरवसा धरू नका.

पंपाची गोष्ट वेगळी. स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असू शकते; पेटीची तार थेट तिला कधीही जोडू नये, मधे रिले हवाच. ते काम वायरमनचे.

दोष सापडेपर्यंत ऊस तहानलेला ठेवू नका. बहुतेक व्हॉल्व्हवर कॉइल किंवा बाजूचा स्क्रू थोडा सैल केला की पाणी सुरू होते. पाळी झाली की परत घट्ट करा.

— ऊसविकास अधिकारी