लेस्टनची ‘लाँग शॉप’

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, उत्तर समुद्राच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर लेस्टन हे छोटे गाव आहे. गावाच्या मध्यावर विटांची एक लांबोडकी इमारत उभी आहे. कामगार तिला ‘कॅथीड्रल’ म्हणत. आत पाऊल टाकले की नावाचे कारण कळते: दोन्ही बाजूंना लाकडी सज्जे, मधला भाग थेट छपरापर्यंत मोकळा. रिचर्ड गॅरेट अँड सन्स या कौटुंबिक कंपनीने १८५२ मध्ये बांधलेली ही ‘लाँग शॉप’ आज संग्रहालय आहे, आणि जगातल्या सुरुवातीच्या ‘असेंब्ली लाइन’पैकी एक म्हणून तिची ओळख करून दिली जाते. यात गावाभिमानाचा भाग किती, हे तपासायला हवे. माझ्या मते दावा टिकतो, आणि त्याचा पुरावा तिथे बनणाऱ्या वस्तूच्या घडणीतच आहे.

ही वस्तू म्हणजे पोर्टेबल वाफेचे इंजिन. घोडे जुंपून ते शेतावर न्यायचे, भट्टी पेटवायची आणि फ्लायव्हीलवर पट्टा चढवून मळणी यंत्र चालवायचे. त्याला वेगळा सांगाडा नसे. बॉयलर हाच कणा. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराडे, पाठीवर सिलिंडर आणि क्रँक शाफ्ट, पोटाखाली चाके. म्हणजे बॉयलर तयार झाला की बाकीचे सगळे त्याच्यावर चढत जायचे. लाँग शॉपचा आराखडा नेमका असाच आहे. बॉयलर एका टोकाने आत येई आणि मधल्या वाटेने पुढे सरके. बाजूला आणि वरच्या सज्ज्यांवर तयार झालेले भाग वाटेत त्याला जोडले जात. दुसऱ्या टोकाला इंजिन पुरे होई. कामाचा क्रम भिंतींमध्येच बांधून टाकला होता.

यावर आक्षेप ठरलेला आहे: खरी असेंब्ली लाइन हेन्री फोर्डची, १९१३ ची. तिथे साखळी गाडी पुढे ओढत असे आणि कामाचा वेग साखळी ठरवी. लेस्टनला अशी साखळी नव्हती, आणि भाग बसवायला कसबी हात लागत. हे मान्यच आहे. पण क्रम आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाने कामापाशी जाण्याऐवजी कामाने माणसापाशी यावे, हा विचार आधी सुचावा लागतो, साखळी त्यानंतरची. फोर्डच्या ६१ वर्षे आधी लेस्टनमध्ये तो विटा-लाकडांत उतरला होता.

दुसरा प्रश्न अधिक टोकदार आहे: एवढी दृष्टी होती, तर कंपनी बुडाली का? १७७८ मध्ये पहिल्या रिचर्ड गॅरेटने विळे-कोयते घडवण्यापासून सुरुवात केली. त्याच्या नातवाने, तिसऱ्या रिचर्डने, १८२६ मध्ये ऐन एकोणिसाव्या वर्षी कारभार हाती घेतला आणि लाँग शॉप उभारली. घराणे कर्तबगारच होते. त्याचीच पुतणी एलिझाबेथ गॅरेट अँडरसन पुढे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाची डीन झाली, आपल्या डॉ. रखमाबाई तिथेच शिकल्या. पण लाँग शॉपने ‘कसे बनवायचे’ हे सोडवले. ‘काय बनवायचे’ हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. तेलावरच्या इंजिनांनी आणि ट्रॅक्टरांनी वाफेची गरज संपवत आणली. १९१९ मध्ये कंपनी ‘ॲग्रिकल्चरल अँड जनरल इंजिनिअर्स’ या समूहात गेली आणि १९३२ मध्ये समूहाबरोबर कोसळली. मँचेस्टरच्या बेयर पीकॉकने कारखाना घेतला, म्हणून तो आणखी जवळजवळ पन्नास वर्षे चालला. उत्पादन कालबाह्य झाले म्हणून ते घडवण्याची रीत चुकीची ठरत नाही.

लेस्टनला १९६६ पासून प्रवासी रेल्वे नाही. सॅक्समंडम स्थानकावर उतरून जावे लागते. गेलात तर यंत्रांच्या आधी दोन सज्ज्यांमधली मोकळी वाट पाहा. या इमारतीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.