संगमेश्वरात खजूर लावावा काय?

सुटीवर गावी आलेले आखातातील आमचे काही वाचक दरवर्षी एकच प्रश्न विचारतात. कडवई, फुणगूस, संगमेश्वर या पट्ट्यात वडिलोपार्जित जमीन आहे, नोकरीची शिल्लकही आहे, मग तिकडच्यासारखी खजुराची बाग इकडे का करू नये? अलीकडे रोपे विकणारे दलालही फिरू लागले आहेत. त्यांच्याकडच्या रंगीत फोटोतील पिवळ्याधमक घडांनी लटकलेले झाड पाहून मन मोहून जाते. पैसा कष्टाचा असल्यामुळे या विषयाची माहिती थोडी सविस्तर देणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम हे झाड मागते काय ते पाहू. अरबांची एक म्हण आहे की खजुराला पाय पाण्यात आणि डोके आगीत लागते. मुळांशी पाणी हवे, पण वरची हवा कोरडी आणि कडक उन्हाची हवी. पन्नास अंशांची उष्णता हे झाड सोसते, खारे पाणीही चालवून घेते. फळ तयार होताना पडणारा पाऊस मात्र त्याला मुळीच सोसत नाही. सौदीतील अल-अहसा किंवा अमिरातीतील अल-ऐन येथील बागांना झऱ्यांचे नाहीतर विहिरींचे पाणी पाटाने मिळते आणि आभाळातून जवळजवळ काहीच पडत नाही. कच्छमध्येही वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास असतो. आपल्याकडे, म्हणजे शास्त्री आणि सोनवीच्या काठी, तो तीन हजारांच्या वर जातो.

आता पंचांग मांडून पाहा. खजुराला फुलोरा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. फळ प्रथम हिरवे असते, त्याला अरब किमरी म्हणतात. मग ते पिवळे किंवा लाल व कडक होते, तो खलाल. त्यानंतर मऊ पडते तो रुतब, आणि झाडावरच सुकून टिकाऊ होतो तो तमर. आपण दुकानात विकतो तो बहुतेक तमर. त्या अवस्थेला यायला सहा महिने किंवा अधिक काळ लागतो. म्हणजे ऑगस्ट आला, आणि संगमेश्वरी ऑगस्ट कसा असतो हे आम्ही सांगायला नको. कच्छचे बागाईतदार रुतब-तमरची वाट न पाहता जून-जुलैमध्ये खलाल अवस्थेतच घड उतरवतात. तीच ओली खारीक. त्यांनाही पाऊस लवकर आला तर फटका बसतो, फळ तडकते, काळे पडते, आंबते. कोकणात पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येऊन ठेपतो. चांगली खारीक तयार व्हायची वेळ आणि मृग यांची गाठ इथे दरसाल पडणार.

दुसरा घोळ बियांचा. मदीनेहून आणलेल्या उत्तम अजव्याची बी पेरली तर अजवाच येईल अशी अनेकांची समजूत असते. आम्हीही एकेकाळी हौसेने बिया लावल्या होत्या. बी रुजते, झाड होते, पण फळ आईसारखे येईलच याची खात्री नसते. शिवाय खजुरात नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. बियांपासून केलेल्या झाडांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे बरीच वर्षे, कळत नाही. म्हणून जाणकार लोक मादी झाडाच्या बुंध्याशी फुटलेली पिल्ले तोडून लावतात, किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने केलेली रोपे घेतात. राजस्थानात जोधपूरला अशी प्रयोगशाळा आहे. त्यानंतरही परागीकरण हाताने करावे लागते. नराच्या फुलोऱ्याच्या काड्या मादीचा फुलोरा उमलताच दोन-चार दिवसांत त्यात खोवायच्या, तेही उंच झाडावर चढून. तिकडे हा एक स्वतंत्र धंदाच आहे.

आखातातून पिल्ले बॅगेत घालून आणण्याचा विचार मात्र कोणी करू नये. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना आणि त्या देशाचे आरोग्य प्रमाणपत्र याशिवाय रोपे आणता येत नाहीत, आणि यामागे कारण आहे. आपल्या माडाचा वैरी सोंड्या भुंगा मूळचा आपल्याच बाजूचा. १९८० नंतरच्या दशकात तो आखातात पोचला आणि खजुराच्या बागा खोडातून पोखरू लागला. पिल्लांच्या ने-आणीतून तो फैलावतो.

हिशेबही करून पाहा. आठ मीटर अंतराने एकरी साठेक झाडे बसतात. ऊतिसंवर्धित रोप तीन-चार हजारांना धरले तर नुसत्या रोपांचे दोन लाखांवर गेले. त्यात खड्डे, ठिबक, कुंपण मिळवा, आणि फळासाठी चार-पाच वर्षे थांबा. सोलापूर, बीडकडे काही शेतकऱ्यांनी बरही जातीची लागवड केली आहे. ही जात खलाल अवस्थेतच गोड लागते, आणि तिकडचा पाऊसही कमी. तेथे जमीन असेल त्याने अवश्य विचार करावा. संगमेश्वरात फळासाठी एकरभर बाग करणे म्हणजे शिल्लक पावसात वाहू देणे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खजुरात पैसा मिळवायचाच तर आपल्यासाठी तो दुकानातून मिळेल. कच्छची खारीक मुंद्रा भागातून जून ते ऑगस्टमध्ये निघते. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. माल नाजूक, बाहेर ठेवला तर थोडेच दिवस टिकतो, म्हणून पहिल्या खेपेला थोडाच मागवावा. सुक्या खारकेचे गणित वेगळे आहे. ती पूर्वी मुख्यतः पाकिस्तानातून यायची. २०१९ च्या फेब्रुवारीत त्या मालावर २०० टक्के कर बसला आणि मे २०२५ पासून तिकडची आयात पूर्ण बंद झाली. ज्यांचा साठा जुन्या दराच्या अंदाजावर होता त्यांची तारांबळ उडाली. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो हेही खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. सध्या तो हिवाळ्याकडे चालला आहे, तेव्हा कच्छच्या ताज्या मालाचा आणि रमजानच्या गिऱ्हाइकाचा मेळ बरीच वर्षे बसणार नाही.

आणि जमिनीचे काय? अल-अहसाच्या बागेत वर खजूर, त्याच्या सावलीत लिंबू-डाळिंब, खाली लसूणघास अशी तीन मजली रचना असते. आपली वाडी याच घडणीची आहे, फक्त वरच्या मजल्यावर माड. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने माडाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी घेण्याची ‘लाखी बाग’ दाखवून दिली आहे. सुटीत एक दिवस काढून ती पाहून यावी. दलालाच्या फोटोपेक्षा ती पाहणे केव्हाही बरे.

तरीही घराच्या दाराशी किंवा मशिदीच्या आवारात शोभेसाठी दोन झाडे लावायची हौस असेल तर आमची हरकत नाही. झाड रुबाबदार दिसते, सहसा मरत नाही. जांभ्या दगडात खड्डा खणला की पावसाळ्यात त्याची विहीर होते, म्हणून मीटरभर खड्डा रेती-मातीने भरून वर उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावे, कोंब मातीत बुडू देऊ नये. पहिले दोन उन्हाळे नियमित पाणी द्यावे. पानांच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात. मुलांच्या वाटेवर झाड असेल तर ते कोयत्याने वेळच्या वेळी छाटावेत.