कावीळ होऊन गेली का? रक्ताला ठाऊक असतं!

मेसमधल्या एकाला कावीळ झाली की बाकीच्यांचा पहिला उद्योग म्हणजे एकमेकांचे डोळे तपासणं. 'काऊन बे, तुये डोये पिवये दिसून रायले!' मग कालच्या पाणीपुरीवाल्याचा उद्धार होतो. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. हिपॅटायटिस-एचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात, कधी १५ दिवस तर कधी ५०. म्हणजे गडबड झाली ती मागच्या महिन्यात.

अकोल्यात उन्हाळ्यात नळाची वाट बघत पाणी साठवायचं, खारपाणपट्ट्यातल्या गावात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि होस्टेलवर जार येतो तो कुठून भरला हे कोणी विचारत नाही. पाणी प्रत्येक वेळी आपल्या हातात नसतं. पण आपलं शरीर हा विषाणू ओळखतं की नाही, हे मात्र तपासता येतं.

त्यासाठी रक्तातल्या अँटिबॉडी बघतात. त्यातली आयजीएम आजाराच्या सुरुवातीला दिसते आणि काही महिन्यांत ओसरते. ती सापडली, सोबत लक्षणंही असली, तर कावीळ आत्ताची. आयजीजी मागून येते आणि बहुधा जन्मभर राहते. ती असेल आणि आयजीएम नसेल, तर विषाणू कधीतरी येऊन गेलाय किंवा लस घेतलेली आहे, आणि तुम्ही सुरक्षित आहात.

एवढ्याशा फरकानं केवढा उलगडा होतो बघा. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचं दूषित पाणी नळात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. सगळ्यांनी ती हिपॅटायटिस-एच धरली. त्या वेळचे रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासात ते तपासले गेले आणि १९८० मध्ये निष्कर्ष आला: रुग्णांच्या रक्तात 'ए'ची जुनी अँटिबॉडी होती, ताजी नव्हती. म्हणजे गुन्हेगार वेगळाच. आज आपण त्याला हिपॅटायटिस-ई म्हणतो.

आता आपल्या पिढीची गोची. लहानपणी हा विषाणू आला तर बहुतेकदा कावीळ दिसतही नाही, साधा ताप समजून आई काढा पाजते आणि विषय संपतो. मोठेपणी आला तर बहुतेकांना कावीळ होते आणि कॉलेजचे कित्येक आठवडे जातात. क्वचित यकृत निकामीही होतं. १९८२ ते १९९८ या काळाचा मागोवा घेताना पुण्याच्या याच संस्थेतल्या संशोधकांना दिसलं की शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांमध्ये ही अँटिबॉडी कमी होत चालली आहे, खेड्यांत मात्र भरपूर आहे. थोडक्यात, हापशीचं पाणी पिऊन वाढलेला रूममेट कदाचित निर्धास्त, आणि घरी फिल्टरचंच पाणी प्यायलेला कोरा! (हापशीची जाहिरात नाही ही. त्याच पाण्यातून टायफॉइडही येतो.)

म्हणून लॅबमध्ये नुसतं 'काविळीची टेस्ट' म्हणू नका. बिलिरुबिन तपासून कावीळ किती हे कळतं, प्रतिकारशक्ती नाही. नीट सांगा: 'हिपॅटायटिस-ए, आयजीजी किंवा टोटल अँटिबॉडी.' धडधाकट असताना आयजीएम करू नका, ती उगाच पॉझिटिव्ह येऊन घोळ होऊ शकतो.

रिपोर्ट 'नॉन-रिॲक्टिव्ह' आला तर डॉक्टरांशी लशीबद्दल बोला. भारतात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोसची मिळते, एकाच डोसची जिवंत विषाणूचीही मिळते. टेस्ट न करता थेट लस घेतली आणि पूर्वी लागण झालेली निघाली, तरी अपाय नाही, फक्त पैसे गेले. आणि लस 'लागली का' हे बघायला पुन्हा रक्त देऊ नका. लशीची अँटिबॉडी कधी कधी इतकी कमी असते की साध्या किटला ती दिसतच नाही, संरक्षण असलं तरी.