शिलाईतली माया

सेंट पॉलमध्ये एखादी म्हातारी बाई गेली की तिची मुलं घराचं दार सताड उघडतात आणि चमच्यांपासून पलंगापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवून विकायला मांडतात. ‘इस्टेट सेल’ म्हणतात त्याला. मिनेसोटात नवीन आले तेव्हा मला हा प्रकार निर्दय वाटायचा. आता शनिवारी सकाळी आठच्या रांगेत मी पहिल्या दहांत असते.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका घराच्या तळघरात, इस्त्रीच्या टेबलामागे, दोन वस्तू एकदम दिसल्या. एक झगा होता. मोरपंखी सुती कापड, त्यावर मिटलेल्या काळ्या छत्र्यांची छपाई, कमरेला घट्ट आणि खाली एवढा घेर की हँगरवर त्याने अख्खा कोपरा अडवला होता. शेजारी खिळ्याला एक जुनं कॅलेंडर. त्यावर तांबड्या केसांची, चांगली गुबगुबीत बाई, अंगावर बेताचेच कपडे, आणि चेहऱ्यावर नुकतंच काहीतरी धांदरटपणे सांडल्याचा भाव. झगा बारा डॉलरला, कॅलेंडर तीनला. मी दोन्ही घेतली. नवऱ्याने गाडीत एवढंच विचारलं, ‘‘हे लावणार कुठे?’’ झग्याबद्दल की कॅलेंडरबद्दल, ते मी विचारलं नाही.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. एका कंपनीत पगारपत्रकं करायची आणि कपड्यांबाबत माझं धोरण एकच होतं, ते म्हणजे झाकणं. ढगळ कुर्ता, काळी पँट, वरून स्वेटर. मिनेसोटाची थंडी या धोरणाला पोषकच.

घरी येऊन झगा आधी उलटा केला. ही मावशीची शिकवण. गिरगावात तिचा शिवणक्लास होता आणि ‘कपड्याची सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी, उलटी आपल्यासाठी’ असं ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची. उलट्या बाजूला त्या झग्याची जन्मपत्रिका होती. चेन पितळी आणि पाठीवर नाही, तर डाव्या बगलेखाली. धुण्याच्या सूचनांची पट्टी नाही, म्हणजे झगा १९७२ च्या आधीचा. अमेरिकेत ती पट्टी तेव्हापासून सक्तीची झाली. आत शिवणकामगार बायकांच्या युनियनचं छोटं लेबल, त्यावर दोन मोठ्या कामगार महासंघांची नावं जोडून छापलेली. ते दोघे १९५५ मध्ये एकत्र आले, तेव्हा झगा त्यानंतरचा. शिलाईच्या कडा ओव्हरलॉक केलेल्या नाहीत, नागमोडी कात्रीने कापलेल्या. आणि दोन्ही बगलांना जवळजवळ इंचभर माया.

माया हा शब्द शिवणकामात ज्याने आणला त्याला माझा नमस्कार. उद्या अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून शिलाईच्या आत राखून ठेवलेलं कापड. आजच्या दुकानी कपड्यात ती बहुधा जेमतेमच असते. अंग भरलं तर नवा घ्या!

कॅलेंडरमधली बाई कोण, ते शोधायला मात्र महिना लागला. तिचं नाव हिल्डा. ड्वेन ब्रायर्स या चित्रकाराने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती काढायला घेतली आणि पुढे कैक वर्षं काढली. कॅलेंडर छापणारी कंपनी होती ‘ब्राऊन अँड बिगेलो’, १८९६ साली स्थापन झालेली, आणि ती इथलीच, सेंट पॉलची! गॅरेजवाले, लाकूडवाले, विमा एजंट अशा कॅलेंडरांवर खाली आपलं नाव छापून घ्यायचे आणि नाताळात गिऱ्हाइकांना वाटायचे. आपल्याकडे किराणा दुकानदार लक्ष्मीचं कॅलेंडर वाटतो तसं. फक्त इथली लक्ष्मी शिडीवरून घसरत असायची.

पिन-अप म्हणजे शब्दशः पिन टोचून भिंतीवर लावायचं चित्र. बायकांची अशी चित्रं आधीही होती, पण हा शब्द रुळला १९४१ च्या आसपास, आणि दुसऱ्या महायुद्धाने तो जगभर नेला. सैनिकाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली रिटा हेवर्थ, पाठमोरी उभी राहून खांद्यावरून बघणारी बेटी ग्रेबल (हा फोटो १९४३ चा), ‘एस्क्वायर’ मासिकात आल्बेर्तो वार्गासने काढलेल्या बायका. विमानांच्या नाकाडांवरही त्या रंगवलेल्या असत. ‘मेम्फिस बेल’ या प्रसिद्ध बॉम्बफेकी विमानावरची मुलगी जॉर्ज पेटीने ‘एस्क्वायर’च्या एप्रिल १९४१ च्या अंकासाठी काढली होती.

पण माझा जीव जडला तो गिल एल्वग्रेनवर. १९१४ साली सेंट पॉलमध्येच जन्मलेला, आणि ‘ब्राऊन अँड बिगेलो’साठी त्याने तेलरंगात शेकडो मुली रंगवल्या. त्याच्या चित्रांत एक गंमत ठरलेली. मुलगी काहीतरी साधंसुधं काम करत असते, कुत्रा फिरवणं, जाळ पेटवणं, आणि नेमका स्कर्ट कशाततरी अडकतो. ती ‘अगंबाई’ अशी बघते. अपघात! आता एल्वग्रेन आधी मॉडेलचे फोटो काढायचा आणि त्यावरून चित्र करायचा. ते फोटो आणि चित्रं शेजारी शेजारी छापलेली पाहिली आणि मी तासभर त्यातच अडकले. फोटोत मुलगी स्टुडिओत खोक्यावर उभी. चित्रात तिचे पाय लांब झालेत, कंबर आवळली आहे, मान दोन बोटं वाढली आहे. फोटोतल्या बाईला चित्रातली बाई होता आलं नसतं.

मला याने हुरूप आला, हे विचित्र वाटेल. पण ती खरीखुरी बाईसुद्धा तशी नव्हती, म्हणजे हे सगळं रचलेलं होतं. आणि रचलेली गोष्ट उसवून बघता येते, शिकता येते.

तेव्हा मी शिकायला बसले. सुरुवात केसांपासून. युद्धकाळातल्या ‘व्हिक्टरी रोल’साठी कपाळावरच्या केसांचे दोन भाग करायचे, मुळाशी उलटे विंचरायचे, बोटांवर गुंडाळत आणून काळ्या पिनांनी आत ठोकायचे. पहिल्या दिवशी डावीकडची गुंडाळी कान ओलांडून खाली आली आणि मी एका शिंगाच्या गाईसारखी ऑफिसात गेले. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती हसत सुटली. ‘‘अगं, हा तर फुगा! लग्नात मी काढला नव्हता का?’’ आणि तिने पुण्यातून, मोबाइलसमोर पाठ करून, एक आकडा उभा आणि एक आडवा असा फुली मारून कसा बसवायचा ते दाखवलं. इंटरनेटवरच्या कुठल्याही बाईने ते सांगितलं नव्हतं.

पुढे आली झुलपं. पिन-अप म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी बेटी पेजची कपाळावरची जाड काळी झालर. १९५० मध्ये कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर तिला जेरी टिब्स नावाचा पोलीस भेटला. त्याला फोटोंचा नाद होता. कपाळ रुंद आहे, केसांनी झाक, असं त्याने सुचवलं. दहा वर्षांनी, ‘लव्ह इन सिमला’च्या वेळी, आपल्या साधनाला दिग्दर्शक आर. के. नय्यरनी नेमकं त्याच कारणासाठी ऑड्री हेपबर्नसारखी झुलपं कापायला लावली. दोन बायका, दोन खंड, एकच कपाळ. मी साधना कट केला. घरात सांगताना बेटी पेज कट म्हणते.

कपडे हा खरा खजिना. १९४० च्या मे महिन्यात अमेरिकेत नायलॉनचे पायमोजे दुकानांत आले, बायकांनी रांगा लावल्या, आणि दोनच वर्षांत ते नायलॉन पॅराशूटकडे वळलं. मग पायांना तपकिरी रंग फासून मागे भुवयांच्या पेन्सिलीने शिवणीची सरळ रेघ ओढायची. कापडावरही सरकारी निर्बंध आले, स्कर्ट आखूड आणि अरुंद झाले, पोहण्याच्या कपड्यांतही काटकसर आली. भिंतीवरच्या त्या बायकांची उघडी पोटं थोडीफार या काटकसरीचीसुद्धा देणगी आहेत. म्हणून फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला क्रिस्तियान दियोरने वारच्या वार कापड ओतलेले घेरदार स्कर्ट दाखवले तेव्हा काही लोक संतापले आणि उरलेले वेडे झाले.

माझा छत्र्यांचा झगा त्याच घेराचा नातू. तसा दुसरा शिवायला घेतला आणि मावशी परत आठवली. पूर्ण गोल घेर म्हणजे मधे भोक असलेलं कापडाचं वर्तुळ. भोकाची त्रिज्या किती? मावशी म्हणायची, कंबर भागिले सहा, वजा पाव इंच. माझी कंबर चौतीस. उत्तर सव्वापाचच्या थोडं पुढे. मुलीने पाय वापरून, म्हणजे ३.१४ वाला, हिशेब केला आणि तेच उत्तर आलं. मावशी सातवी पास होती. खालची कड मात्र लगेच दुमडायची नाही. घेरात काही भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपा, येतो आणि उरेब कापड आपल्याच वजनाने लोंबतं. एक रात्र झगा टांगून ठेवायचा, सकाळी जमिनीपासून माप घेऊन कड कापायची. मी घाई केली आणि माझ्या पहिल्या झग्याला चार ठिकाणी जिभा सुटल्या.

ज्यांना शिवता येत नाही त्यांनी जूली लिन शार्लो आठवावी. ती गायिका. १९४७ च्या नाताळात तिला पार्टीला घालायला काही नव्हतं, पैसे नव्हते, शिवणाची बोंब. तिने आईच्या कारखान्यातलं फेल्ट घेतलं, कारण फेल्टच्या कडा उसवत नाहीत, दुमडाव्या लागत नाहीत. गोल कापलं, भोक पाडलं, वर नाताळची चित्रं चिकटवली. लोकांनी मागून घेतलं. पुढे त्यावर कुत्रे आले आणि तो ‘पूडल स्कर्ट’ म्हणून दशकभर गाजला.

माझी मुलगी सोळा वर्षांची. तिने एका रात्री जेवताना सरळ विचारलं, ‘‘आई, पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेली ही चित्रं. तुला यात काय दिसतं?’’

मी तिला झोई मोझर्टची गोष्ट सांगितली. ती ‘ब्राऊन अँड बिगेलो’चीच चित्रकार, आरशासमोर बसून स्वतःलाच मॉडेल करायची. बनी यीगरची सांगितली. आधी मॉडेल, मग मायामीत फोटोग्राफर, मॉडेलच्या बिकिन्याही स्वतः शिवायची. १९५४ मध्ये तिने फ्लोरिडातल्या प्राण्यांच्या बागेत बेटी पेजचे चित्त्यांबरोबर फोटो काढले, तेव्हा बेटीच्या अंगावरचा ठिपक्यांचा पोशाख बेटीने स्वतः शिवलेला होता. म्हणजे त्या प्रसिद्ध फोटोत कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक शिंपीण होती.

मुलीचं समाधान झालं नाही. ‘‘आणि त्यात आपल्यासारखी दिसणारी एक तरी आहे?’’ एल्वग्रेनच्या चित्रांत नाही, हे कबूल करावं लागलं. मग हिंदी सिनेमातली बेगम पारा दाखवली. १९५१ मध्ये ‘लाइफ’च्या जेम्स बर्कने काढलेले तिचे फोटो, कुणाला घाबरत नसल्यासारखी नजर. तिच्याही आधी, १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आली आणि त्यावरून गदारोळ झाला, हे माझी आजी कुजबुजत सांगायची. आणि आजोबांच्या ट्रंकेतले दिवाळी अंक! दीनानाथ दलालांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवरच्या त्या बायका, पदर वाऱ्यावर, गालांवर गुलाबी फवारा. त्यांच्याही कमरा कुठल्या खऱ्या बाईला नव्हत्या. लहानपणी मी त्या तासन्‌तास बघायचे आणि आई अंक पालथा घालून ठेवायची. मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे तुझं हे पहिल्यापासूनच आहे.’’ असेल.

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीला मी छत्र्यांच्या झग्याच्याच कापडछपाईशी जुळेल अशी काळी साडी नेसले, फुगा, लाल लिपस्टिक, आणि कटोरी ब्लाउज. कटोरीचे तुकडे कापताना ध्यानात आलं की १९५० च्या दशकातल्या त्या टोकदार अंतर्वस्त्रांचं आणि मावशीच्या कटोरीचं गणित एकच, सपाट कापडातून गोलाई काढायचं. एका काकूंनी डोळे बारीक करून ‘‘नाटकात आहेस का यंदा?’’ असं विचारलं. दुसऱ्या दोघींनी ब्लाउजचं माप मागितलं.

दोन महिन्यांपूर्वी मूळ झगा कमरेला लागायला लागला. दिव्याखाली बसून बगलेची शिलाई उसवली, पितळी चेन सोडवली. आत सुईच्या भोकांच्या जुन्या रेघा दिसल्या. एक कारखान्याची, मशीनची. तिच्या अर्धं बोट बाहेर दुसरी, हाताची, थोडी वाकडी. मी उसवली ती तिसरी, वेगळ्या निळ्या दोऱ्याची. त्या तळघरातल्या बाईचंही अंग भरत गेलं होतं आणि तिने दोनदा झगा सोडला होता. आणखी माया शिल्लक होती. मशीनमध्ये काळा दोरा होता, तोच राहू दिला, आणि तिच्या रेघेच्या बाहेरून चौथी घातली.