गाळ उपसल्यावरचे तीन महिने

महाड-पोलादपूरकडे मंडळ म्हटलं की त्यात सगळंच आलं. गावातलं ग्रामस्थ मंडळ, मुंबईकरांचं मुंबई मंडळ, बायकांचं महिला मंडळ. लग्नाच्या भांड्यांपासून मयताच्या सामानापर्यंत सगळं तिथूनच होतं. २०२१च्या भाद्रपद ते कार्तिकात या मंडळांनी जे पेललं, ते विसरलं जाऊ नये.

२२ जुलैला सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागलं. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तीच वेळ आली. मदतीचे ट्रक रीघ लावून आले, ठाणे-नवी मुंबईची पालिका पथकं रस्त्यावरचा गाळ काढून गेली. त्यांचे उपकार आहेतच. पण ऑगस्ट सरला तशी वर्दळ ओसरली आणि घराघरातलं उरलेलं काम मंडळांच्या अंगावर पडलं.

१० सप्टेंबरला, पुरानंतर पन्नासाव्या दिवशी, गणपती बसले. आमच्या मंडळाने मखर केलंच नाही. वर्गणीतून वह्या-दप्तरं घेतली. त्याआधी पोरांनी घरोघर फिरून यादी केली. कोण कितवीत, किती वह्या लागतील, कंपासपेटी आहे की वाहून गेली. ट्रकमधल्या वाटपात एका घरी चार चादरी आणि शेजारी एकही नाही, असं झालं होतं. यादीमुळे ते टळलं. तिच्यात भिजलेल्या कागदांचाही रकाना होता. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जातीचा दाखला. कॉलेजच्या मुलींनी चिकटलेली पानं पातळ सुरीने एकेक करून सोडवली, दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली, मग झेरॉक्स काढून अर्जांना जोडली. मला विचाराल तर त्या तीन महिन्यांतलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

४ ऑक्टोबरला करोनामुळे बंद असलेल्या शाळा उघडल्या, पण ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून. लहानगी घरीच राहिली. आधीच दीड वर्ष शाळा मोबाइलवर, त्यात कितीतरी घरांतले मोबाइल पुरात गेलेले. घटस्थापनेला देवळं उघडली. गरबा-दांडियाला बंदीच होती, तेव्हा संध्याकाळच्या मोकळ्या वेळात महिला मंडळाने सभामंडपात या पोरांचा वर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात अभ्यास नव्हताच. परतीच्या पावसाची सर आली की काही पोरं उठून पाणी कुठवर आलं ते बघायला पळायची. कुणी त्यांना दटावलं नाही. एखादी बाई सोबत जायची, रस्ता कोरडा आहे हे दाखवून परत आणायची.

पोलादपूरच्या डोंगरात अडचण शेतीची होती. ओढ्याकाठची खाचरं दगडगोट्यांनी भरलेली. वाचलेलं हळवं भात दसऱ्याच्या सुमाराला कापणीला आलं, तेव्हा एरवी सणालाच येणारी मुंबईकर पोरं शनिवार-रविवारी विळे घेऊन उभी राहिली. ज्या घरात कापणारं माणूसच उरलं नव्हतं, त्यांचं भात आधी कापायचं, हे कुणी ठरवून सांगावं लागलं नाही.

दिवाळीत पोरांनी नेहमीसारखा रायगड बांधला. माती परड्यात साचलेल्या गाळाचीच होती. मोठ्यांना ते नको वाटत होतं, पण पोरांनी ऐकलं नाही आणि ते बरंच झालं.

ती यादी मात्र मंडळाने ठेवून दिली. आता दर वर्षी पावसाळ्याआधी ती नव्याने लिहिली जाते. तळमजल्यावर कोण राहतं, अंथरुणाला खिळलेलं माणूस कुठल्या घरात आहे, पाणी चढायला लागलं तर कुणी कुणाला वर न्यायचं.