सुप्याला डॉक्टर टिकायचा असेल तर

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर धाव घेतली. त्यांना सर्वात आधी हवे होते ते कर्जाचे रोखे. ते मिळाले तिथे पेटवून दिले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदले गेलेले हे प्रकरण आपल्या बारामती तालुक्यातल्या याच गावापासून सुरू झाले.

आज आपल्या वस्तीत फिरून विचारा, घर कर्जात कशाने गेले? लग्न हे एक उत्तर मिळेल. दुसरे हमखास मिळेल ते आजारपण. साधा ताप अंगावर काढला, तो बळावला, मग गाडी करून बारामती, तिथून पुणे, आणि शेवटी व्याजाने पैसे. ही साखळी पहिल्याच कडीला तोडणारा माणूस म्हणजे गावातला जनरल डॉक्टर. म्हणून तो कसा घडतो आणि का टिकत नाही, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

सुप्याला ग्रामीण रुग्णालय आहे. नियमाप्रमाणे असे रुग्णालय ३० खाटांचे असते. त्याच्या खाली प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाट भागात साधारण ३० हजार लोकसंख्येमागे एक. त्याच्याही खाली ५ हजारांमागे उपकेंद्र. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असतो. आपल्या राज्यात तो बहुधा बीएएमएस झालेला आणि सहा महिन्यांचा जादा अभ्यासक्रम केलेला असतो. वरच्या दोन ठिकाणी एमबीबीएस डॉक्टर लागतो, आणि तिथे अनेकदा नुकताच पास झालेला, बंधपत्रावर आलेला मुलगा किंवा मुलगी भेटते.

हे बंधपत्र म्हणजे सरकारी महाविद्यालयात शिकलेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करण्याची लेखी हमी. अनेक वर्षे १० लाख रुपये भरून त्यातून सुटका करून घेता येत असे. ज्याच्या बापाकडे १० लाख होते तो पैसे भरून पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागला, ज्याच्याकडे नव्हते तो गावात आला. गावाची सेवा ही गरिबाच्या पोराची शिक्षा ठरली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता त्या नव्या डॉक्टरची पहिली रात्र डोळ्यांसमोर आणा. ऊसतोड कामगाराला घोणस चावली आहे. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी कलती करायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे आणि प्रतिविष लगेच सुरू करायला हवे. हे पुस्तकात असते. पण प्रतिविषाची कधी कधी जोरदार रिॲक्शन येते, आणि ती सांभाळताना शेजारी कुणी अनुभवी उभे नसते. मग भीतीपोटी ‘पुढे न्या’ असा कागद लिहिला जातो आणि लाखमोलाचा तास रस्त्यावर जातो. तीच गत कीटकनाशक प्यालेल्या शेतकऱ्याची, तीच अडलेल्या बाळंतिणीची. सकाळी शवविच्छेदन आणि पोलिसांचे कागदही त्यालाच करायचे असतात.

एमबीबीएसचे शिक्षण मोठ्या रुग्णालयात होते. तिथे प्रत्येक अवयवाचा वेगळा तज्ज्ञ असतो आणि विद्यार्थी त्याच्या मागे उभा राहून बघतो. इंटर्नशिपच्या वर्षात १२ आठवडे सामुदायिक आरोग्यासाठी असतात, पण ते कितपत कामी येतात हे शिकवणाऱ्यावर ठरते. फॅमिली मेडिसिन हा खास या कामाचा विषय, त्यात तीन वर्षांचे डीएनबी करता येते. तरी आपल्या मुलांना हा पर्याय कुणी सांगत नाही. सगळ्यांना ‘स्पेशालिस्ट’च व्हायचे असते.

महाडचे नाव आपल्याला चवदार तळ्यामुळे पाठ आहे. त्याच तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातला एक तरुण डॉक्टर रुजू झाला, हिंमतराव बावस्कर. कोकणात विंचूदंशाने मुले मरत होती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी करत राहिले. पुढे पुण्याला एमडी करून ते पुन्हा महाडलाच आले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी वापरले आणि पूर्वी तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू एक टक्क्यावर आले. ‘लान्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांचे काम छापले. पण एवढी जिद्द प्रत्येकाकडून मागणे हा अन्याय आहे. व्यवस्थेने साध्या माणसालाही तिथे उभे राहता येईल असे केले पाहिजे.

ते कसे करायचे याची उदाहरणे आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्याच वर्षी विद्यार्थी गावात मुक्काम करतात. थायलंडने नव्या डॉक्टरांना तीन वर्षांची सरकारी सेवा लावली, आणि १९९० च्या दशकात ग्रामीण भागातली मुले निवडून, जवळच्या प्रांतिक रुग्णालयात शिकवून, परत तिथेच पाठवण्याची योजना आणली. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की खेड्यातून आलेला विद्यार्थी खेड्यात परतण्याची शक्यता जास्त. बारामतीला २०१९ पासून १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या अनुभवी शिक्षकाने सुप्याच्या डॉक्टरचा रात्रीचा फोन उचलावा, आठवड्यातून एकदा केसेसवर बसून बोलावे, ही काही फार मोठी मागणी नाही.

आपल्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. आरक्षणातून आलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजात काय ऐकावे लागते हे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर साऱ्या देशाने पाहिले. गावात नेमणूक झाल्यावर खोली शोधताना आडनाव विचारले जाते, ते आपण जाणतोच. डॉक्टरला आधार म्हणजे नुसते प्रशिक्षण नव्हे. राहायला घर, एकट्या तरुणीला सुरक्षित रात्रपाळी आणि बाजूने बोलणारी चार माणसे हेही त्यात आले.

ही चार माणसे आपण होऊ शकतो. १४ एप्रिलला आपण आरोग्य शिबिर घेतो, फोटो काढतो, आणि रक्तदाब सापडलेला माणूस पुढे गोळी घेतो की नाही हे कुणी बघत नाही. त्यापेक्षा दर महिन्याला विहारात रुग्णालयातल्या डॉक्टरला बोलवा, तीच तीच माणसे पुन्हा तपासू द्या. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठका होतात का, प्रतिविष किती शिल्लक आहे, डॉक्टरच्या निवासाचे काय झाले, हे लेखी विचारा. पुणे जिल्ह्यात २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम झाले आहे, जनसुनवाया झाल्या आहेत, त्यामुळे वाट नवी नाही. आणि औषध नाही म्हणून संतापलेला नातेवाईक डॉक्टरच्या अंगावर जाईल तेव्हा मध्ये उभे राहा. औषध पुरवणे त्या पोराच्या हातात नसते.

सुप्याच्या रुग्णालयात आत्ता कोण डॉक्टर आहे, त्याचे नाव तरी आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?